आईंना पटेल अशी तारीख

"ऑक्टोबर नको," शुभाताई म्हणाल्या. "त्या उन्हात माणूस भाजून निघेल."

अनुपमाने दसऱ्यानंतरच्या आठवड्यावर ठेवलेलं बोट उचललं. भिंतीवरचं कॅलेंडर जेवणाच्या टेबलावर येऊन पडलं होतं.

"मग ऊन नको तर कोजागिरीची रात्र?" सर्वेशने विचारलं. "किनाऱ्यावर चांदणं झकास असतं, आई."

"आणि गार वाऱ्यात बसायचं? काहीतरीच तुझं."

"दिवाळीत तरी? मला सुट्टीच आहे."

"दिवाळीत अर्धी मुंबई तिकडेच लोटते. त्या गर्दीत कोण खोकतंय, कोण शिंकतंय. मुळीच नको."

सर्वेशने बायकोकडे पाहिलं. ती हसू दाबत होती. तेवढ्यात मोबाइलवर गोळ्यांचा गजर वाजला. "आधी ते," शुभाताई म्हणाल्या, आणि अनुपमा डबी आणायला उठली.

सहलीची कल्पना अनुपमाचीच. ऑपरेशन उन्हाळ्यात झालं. सगळा पावसाळा नाहूरच्या या घरात, खिडक्या लावून गेला. पाऊस सरला की कुठेतरी जाऊन या, असं डॉक्टर म्हणाले तेव्हाच तिने मनाशी ठरवलं, आईंना समुद्रावर न्यायचं. शुभाताईंचा जन्म मालवणजवळच्या खेड्यातला. लग्न होऊन मुंबईला आल्या, मग नोकरी, सर्वेशचं शिक्षण, सासऱ्यांचं आजारपण. समुद्र मागे राहिला तो राहिलाच. आणि या वर्षी त्यांनी जे सोसलं त्याची भरपाई कुठल्याच सहलीने होणार नव्हती, हे अनुपमाला कळत होतं. तरी निदान चार दिवस त्यांचे पाय वाळूला लागावेत.

"आई, मालवणलाच जाऊ या ना," डबी टेबलावर ठेवत ती म्हणाली. "तुमच्या गावी."

शुभाताईंनी नकारार्थी मान हलवली. "एवढा लांबचा प्रवास नको गं. वाटेत काही झालं तर? हॉस्पिटल जवळ हवं. नागाव बरं. अलिबाग तिथून अगदी जवळ."

तारीख मात्र काही ठरेना. गणपतीत वरच्या मजल्यावर राहायला आलेली श्वेता एकदा लिफ्टमध्ये भेटली. सहलीचं ऐकून तिने कपाळाला हात लावला.

"अजून तारीखच चाललीय? यार, सासूबाईंचे नखरे भारी आहेत हां. मी असते ना, तर केव्हाच एकटी निघून गेले असते."

"त्या म्हणतील तेव्हाच जायचं," अनुपमा म्हणाली.

"धन्य आहेस गं बाई!"

शेवटी शुभाताईंनीच आठवडा काढला. त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेल्यावरचा. ऊन उतरलेलं, दिवाळीची माणसं घरोघर परतलेली, थंडीला अजून अवकाश. तोही सोमवार ते गुरुवार, म्हणजे किनारा मोकळा मिळेल. मग त्यांनी नागावच्या सुंदराबाईंना फोन लावला. नारळीच्या वाडीत त्यांच्या दोन खोल्या भाड्याने मिळत. पाणी उकळून देता का, चादरी धुतलेल्या असतील ना, कोशिंबीर अजिबात नको, मासे नीट शिजलेले हवेत, अन् घरात कुणाला सर्दी असली तर आधी सांगा. सुंदराबाई प्रत्येक प्रश्नाला "होय हो ताई" म्हणत राहिल्या. टेबलापलीकडे अनुपमा तोंड फिरवून डोळे पुसत होती.

नागावला पोचल्यावरही ऊन कलल्याशिवाय कुणी बाहेर पडायचं नाही, असा शुभाताईंचा हुकूम होता. संध्याकाळ झाली तशा त्या सर्वेशचा हात धरून पाण्याकडे निघाल्या. पहिली लाट पायांवर आली आणि त्या शाळकरी मुलीसारख्या ओरडून हसल्या. ते हसू अनुपमाला सुरूच्या झाडांपर्यंत ऐकू आलं. ती तिथे खुर्ची टाकून बसली होती. इतकी शांत संध्याकाळ आपल्या वाट्याला येईल, असं तिला मार्चमध्ये वाटलं नव्हतं.

सुंदराबाई चहा घेऊन आल्या आणि तिथेच टेकल्या.

"सून असावी तर अशी," त्या म्हणाल्या. "एवढं जपून आणलंत. फोनवर त्यांच्या चौकशा ऐकून मला वाटलं, बाई फारच आजारी असणार. पण चांगल्या ठणठणीत आहेत की!"

"आहेत ना," अनुपमा म्हणाली. "तेच मोठं समाधान आहे."

"ऑपरेशन झालंय म्हणाल्या होत्या. कसलं?"

"किडनीचं. बदलावी लागली."

"अगं बाई!" सुंदराबाईंनी गालावर हात ठेवला. "आणि दिली कुणी? आजकाल पोटचं पोरसुद्धा देत नाही हो."

अनुपमाने पाण्याकडे पाहिलं. घोटाभर लाटेत उभ्या शुभाताई दोन्ही हातांनी तिला खुणा करत होत्या. वारा सुटलाय, रुमाल बांध, कान झाक.

"त्यांनीच," रुमाल कानांवर ओढून घेत ती म्हणाली. "मला."