द्वारकीच्या दारापत्तूर

जावेच्या दारात पाय ठेवला आणि मुक्ताबाईच्या मनगटावरचा काळा पट्टा थरथरला. रोज इथंच! तिनं घाईनं पट्टा पदराखाली झाकला.

कॅन्सरचं ऑपरेशन, केमो सगळं उरकल्यावर बारामतीच्या दवाखान्यातल्या पोरीनं तो बांधला होता. "हा तुमच्यावर लक्ष ठेवेल, आजी. चालत राहा," म्हणाली होती. लक्ष कशावर ठेवणार? आजारावरच की! आजार परत आला की हा थरथरणार, असं मुक्ताबाईनं मनाशी पक्कं धरलं. आणि आठवड्यात तो थरथरलाच. ती मळ्यातून फिरून आली होती. पोराला, रविराजला, सांगायला तिनं तोंड उघडलं. पण तो वर्षभरानं हसत जेवत होता. सांगायचं सोडून तिनं त्याला आणखी एक भाकरी वाढली.

मग ती सगळ्यांचा शेवटचा निरोप घ्यायला निघाली. लासुर्ण्यातली सगळी घरं झाली. उरली फक्त मळ्यापलीकडची धाकटी जाऊ, द्वारकाबाई. मळ्याला पाणी द्यायच्या पाळीवरून दोघींचा बारा वर्षं अबोला.

"चुकलंमाकलं पोटात घाल, द्वारके," मुक्ताबाई उंबऱ्यावरूनच म्हणाली. "मी काय आता ऱ्हात न्हाय."

द्वारकाबाई ढसाढसा रडली. हाताला धरून आत नेलं, जेवू घातलं. "हायेस तवर रोज येत जा, अक्का."

मुक्ताबाई रोज जाऊ लागली. पट्टा रोज तिथंच थरथरू लागला. तिचं डोकंच चालेना. आजार वाढतोय म्हणावं, तर भूक कडाडून लागत होती. द्वारकीचं पिठलं गोड लागत होतं. मरायला टेकलेलं माणूस दोन-दोन भाकरी खातंय व्हय? का यमाला द्वारकीच्याच घराचा पत्ता दिलाय कुणी?

तपासणीच्या दिवशी तिनं दवाखान्यातल्या त्या पोरीपुढं मनगट केलं आणि डोळे मिटले. "रोज थरथरतोय ह्यो. किती दिस ऱ्हायलं, बाई?"

पोरगी हसायला लागली. "अहो आजी, ठरवलेलं चालणं पूर्ण झालं की तो थरथरतो. शाबासकी देतो तुम्हाला! आणि तपासण्याही सगळ्या चांगल्या आल्यात."

सोबत आलेल्या रविराजच्या डोळ्यांत पाणी आलं. मुक्ताबाईनं डोळे उघडले. आनंद झाला, लई झाला. पण द्वारकी बोलायला लागली ती मरणाच्या नावावर. आता काय सांगून जायचं तिच्याकडं?

संध्याकाळी ती तरीही गेली. द्वारकाबाई दारातच उभी होती.

"काय म्हनले, अक्का?"

"मरत न्हाय म्हनले," मुक्ताबाई खाली मान घालून पुटपुटली.

द्वारकाबाईनं पदरानं डोळे पुसले. मग तेच डोळे वटारले. "म्हंजी भांडान परत सुरू?"

मनगटावर पट्टा थरथरला. मुक्ताबाईनं या वेळी तो झाकला नाही.

"व्हय. रोज येती भांडायला. दवाखान्यातनंच सांगितलंय, तुझ्या दारापत्तूर चालायचं."