गोळा सोडायची वेळ

गोळा पुन्हा गिट्टीवर पडला.

सराव चालू होता म्हणून बरं. पोचूभाऊ इंजिन झाले होते. रिटायर व्हायला टेकलेला हा पॉइंट्समन तोंडानं भोंगा वाजवत, एक हात बाहेर काढून प्लॅटफॉर्मवरून धावत यायचा आणि इस्तारीनं त्या हातात वेताचं कडं अडकवायचं. कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. तो ड्रायव्हरला मिळाला तरच पुढच्या स्टेशनापर्यंतची लाईन त्याची. नाही मिळाला तर गाडी जागच्या जागी उभी.

"अबे, फेकून काऊन राह्यला?" पोचूभाऊ धापा टाकत म्हणाले.

"फेकत नाई भाऊ. हातच सुटते."

सुटणारच. इस्तारी ढिवराचा. कळायला लागल्यापासून तळ्या-बोडीत जाळं टाकत आलेला. आणि जाळं टाकणाऱ्याचा हात वेळेवर सुटला नाही तर जाळ्यामागं तोच पाण्यात. समोरून काही आलं की त्याची बोटं आपोआप उघडायची. मागच्या आठवड्यात खरीखुरी मालगाडी अशीच उभी राहिली होती आणि ड्रायव्हरनं खिडकीतून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली होती.

"छोट्या लाईनवर असं नोतं," पोचूभाऊ म्हणाले. "गाडीच अशी चाले का बिडी वढत देत होतो गोळा. हे मोठी लाईन आली न् पाय तुटले."

स्टेशन मास्तर रामटेके बाहेर आले.

"इस्तारी, कोळशाची गाडी निघाली मागून. थांबणार नाही. गोळा तूच दे. पण आज पडला तर माझ्या हातात काही नाही. परत गँगमध्ये जावं लागेल."

त्यांनाही हे बोलताना बरं वाटत नव्हतं. गँग म्हणजे लाईनच्या कडेला कुठंतरी लांब तंबू, दिवसभर गिट्टी ठोकणं आणि महिन्याकाठी घर. इस्तारीच्या घरी अजून मानही न सावरलेली तान्ही पोरगी होती, रिंकू. या स्टेशनावरची जागा मिळाली तर घर हाकेवर होतं.

त्याची माय चंदाबाई प्लॅटफॉर्मवरच होती. पॅसेंजरच्या गर्दीला मासे विकायची आणि मघापासून टोपलीवरच्या माशा हाकलत लेकाचा तमाशा पाहत बसली होती. आता ती उठली.

"पोचूभाऊ, तुमी बसा जरा. तुमचं शिकवनं बराबर हाये, पोरगंच बैताड हाये." मग लेकाकडं वळून म्हणाली, "सकाळी रिंकूले शेजारनीच्या हाती देल्लं नं तू?"

"देल्लं."

"तिनं धरल्याबिगर सोडलं का?"

"असं कसं सोडन? लेकरू हाये ते, माय!"

"मंग हेही लेकरूच समज," ती म्हणाली आणि परत टोपलीमागं जाऊन बसली.

सिग्नल पडला. जंगलातून भोंगा आला, मग रूळ थरथरायला लागले. बायांनी टोपल्या मागं ओढल्या. रामटेके हिरवी झेंडी घेऊन उभे राहिले. इस्तारी कडं घेऊन जागेवर गेला. चंदाबाई माशा हाकलायची विसरली.

इंजिन अंगावर आल्यासारखं आलं. दारात वाकलेल्या असिस्टंट ड्रायव्हरचा हात दिसला आणि इस्तारीची बोटं सवयीनं उघडू लागली. त्यानं ती आवळली. हात आला, कड्यात शिरला, ओढ बसली. ओझं दुसऱ्याकडं गेल्याचं नीट कळलं, तेव्हाच त्यानं सोडलं.

ड्रायव्हरनं मागच्या स्टेशनावरून आणलेला गोळा खाली टाकला होता, तो उचलायला पोचूभाऊ लहान पोरासारखे पळाले. डब्यांमागून डबे जात राहिले. कोळशाची भुकटी चंदाबाईच्या माशांवर बसली, तरी ती हसतच होती. गार्डानं शेवटच्या डब्यातून झेंडी दाखवली.

रामटेके इस्तारीजवळ आले. चेहरा कडक ठेवायचा त्यांचा प्रयत्न होता.

"गोळा गेला, चांगलं झालं. पण तुझा डावा हात पिशवीखाली काय करत होता? गाडीच्या इतक्या जवळ दोन्ही हात? एखाद दिवशी जीव जाईल. उद्यापासून एकाच हातानं द्यायचा."

त्यातलं 'उद्यापासून' एवढंच इस्तारीच्या कानात आधी शिरलं. त्याचे डोळे भरून आले. बाकीचं कळायला त्याला जरा वेळ लागला.

"एका हातानं कसा देऊ, साहेब?" तो काकुळतीनं म्हणाला. "मान कोन धरल?"