चार बोटं

मी शाळेत असताना बाबांनी शिडाच्या जहाजाची प्रतिकृती करायला घेतली, ती माझ्या लग्नानंतर पूर्ण झाली. मागच्या खोलीत ते भिंग लावून, चिमट्यानं दोर ओवत बसायचे आणि आई दारातून ओरडायची, “जेवायला येताय, की बंदरावर डबा पाठवू?” आज जहाज प्रदर्शनात मांडायचं होतं. हमालांनी उचललं, तर दारातच अडलं. शिडांच्या आडव्या काठ्या चौकटीच्या रुंदीपेक्षा चार बोटं लांब निघाल्या. एकेक तोफ मिलिमीटरमध्ये मोजणाऱ्या माणसानं दार मोजलंच नव्हतं! मला हसू फुटलं, पण बाबांचा चेहरा बघून गिळलं. तिरकं केलं तर दोर तुटणार. बाबांनी करवत उचलली. “टोकं कापतो,” म्हणाले. पातं काठीला टेकलं, तोच आईनं त्यांचा हात धरला. “सुताराला बोलाव,” ती मला म्हणाली. “कापायचीच तर चौकट कापू. दार काय, कुणीही करून देईल.”