सचोटी मंडळासमोर

"खरं सांग, कॉर. वही आत नेली होतीस?"

वडिलांनी तिसऱ्यांदा विचारलं. कॉर्विनने तिसऱ्यांदा तेच उत्तर दिलं.

"मंडळ ठरवेल, डॅड."

रॉइस टटल सकाळपासून सहा तास पिकअप चालवत आले होते. बायकोच्या अंत्यविधीसाठी घेतलेला कोट त्यांनी आज दुसऱ्यांदा घातला होता. मांडीवरची टोपी ते उगाच फिरवत होते.

"आपल्या गावात डॉक्टर असता तर तुझी आई आज असती," ते म्हणाले. "जाताना तिने तुझ्याकडून शब्द घेतला. मी तिथेच उभा होतो. हे शिक्षण तू आपण होऊन सोडलंस, तर पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस."

"माहीत आहे."

"पण यांनीच काढलं तर मी कोणाला बोलू? तुला की यांना?"

तेवढ्यात कॉर्विनला आत बोलावलं.

या कॉलेजात परीक्षेवर पहारा नसे. पेपर घ्यायचा, हव्या त्या खोलीत एकट्याने सोडवायचा आणि खाली 'मी कॉपी केलेली नाही' असं लिहून सही करायची. सगळा कारभार शब्दावर चालायचा. म्हणूनच शब्द मोडणाऱ्याला एकच शिक्षा होती. सामान बांधायचं आणि घरी जायचं.

मंडळात पाच विद्यार्थी होते. अध्यक्ष मार्गरेट अ‍ॅशबी शेवटच्या वर्षाला होती. ती नृत्य आणि भूगर्भशास्त्र एकत्र शिकत होती. इथे कोणाला त्याचं नवल नव्हतं. कॉर्विननेही पहिल्या वर्षी गंमत म्हणून कठपुतळ्यांचा वर्ग घेतला होता. आता रोज चार तास तो तिथेच लाकूड तासत बसायचा. घरी त्याने हे सांगितलं नव्हतं.

मार्गरेटने निनावी पत्र वाचलं. रसायनशास्त्राच्या पेपराला कॉर्विन टटलने वही जवळ ठेवली होती, एवढंच त्यात होतं.

"कोणाशी वाकडं आहे का तुझं?"

"नाही."

"मग वही नव्हती म्हण. तुझा शब्द आम्हाला पुरे आहे."

एका शब्दात प्रकरण संपलं असतं. कॉर्विनने तोंड उघडलं, पण तो शब्द निघेना.

"मला काही म्हणायचं नाही," तो म्हणाला.

"अरे गाढवा," तिच्या शेजारी बसलेला मंडळातला बेनेट न राहवून ओरडला, "असा मुखदुर्बळ राहिलास तर उद्या घरी बसशील!"

"बसेन."

खोलीला एकच दार होतं. ते उघडून रसायनशास्त्र शिकवणाऱ्या लिंडक्विस्ट बाई आत आल्या, हातात त्याचा पेपर घेऊन.

"पाचवा प्रश्न बघा," त्या म्हणाल्या. "रेणू कसा वळतो, ते या मुलाने कठपुतळीच्या सांध्यांवरून समजावलंय. दोरी कुठे बांधायची तेसुद्धा काढलंय! छत्तीस वर्षं शिकवतेय मी. हे कुठल्या वहीत सापडतं ते दाखवा, मी आजच राजीनामा देते."

सगळे हसले. कॉर्विन हसला नाही.

"रसायनातला मुलगा कठपुतळ्यांकडे जातो, याचसाठी तर आपलं कॉलेज आहे," बाई म्हणाल्या. "असा डॉक्टर हातचा घालवू नका."

पाचही हात वर गेले. तो निर्दोष ठरला.

बाहेर बाईंकडून सगळं ऐकून वडिलांनी त्याला घट्ट मिठी मारली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"कठपुतळ्या म्हणे! त्या पोरखेळानेच वाचवलं बघ तुला. आता डॉक्टर होईपर्यंत तुला इथून कोणी हलवू शकत नाही."

"नाही, डॅड. कोणीच नाही."

पिकअप वळणाआड जाईपर्यंत तो हात हलवत उभा राहिला. मग ग्रंथालयात गेला. मागच्या रांगेतल्या संगणकासमोर बसला. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून त्याने टाइप केलं:

'माननीय सचोटी मंडळास, कॉर्विन टटलबद्दल मी आधी कळवलं होतंच. तेव्हा सोबत पुरावा जोडला नाही, ही माझी चूक झाली.'