वीतभर उंच

महिपतीच्या जुन्या मालमोटारीचं पोट भाजे गावाच्या वाटेवरच्या एका खडकाला हमखास टेकायचं. मग भाताची पोती उतरवा, गाडी ढकला, पोती पुन्हा चढवा, यात माणसांचा पिट्टा पडायचा. शेवटी त्यानं भिमाजी लोहाराकडून चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे वाढवून घेतले आणि गाडी चांगली वीतभर उचलली. ती खडकावरून पहिल्यांदा न टेकता गेली, त्या दिवशी त्यानं खडकाला शेंदूर फासला, नारळ फोडला.

ते लढाईचे दिवस होते. आठवड्याभरात लष्कराचा साहेब मोटारी जमा करायला आला. डोंगरवाटांवर चालतील अशाच गाड्या त्याला हव्या होत्या, म्हणून परीक्षेला त्यानं नेमका तोच खडक धरला. लोणावळ्याच्या दोन चकचकीत मोटारी टेकल्या. साहेबानं त्या तिथंच मालकांना परत दिल्या.

मग महिपतीच्या गाडीत शिपाई चढून बसला.

"सायेब, लय जुनी हाय वो ती. आमच्या समद्या घराचं पोट हाय तिच्यावर," महिपती काकुळतीला आला. साहेबानं शिपायाला नुसती हातानं खूण केली.

गाडी हलली तसा महिपती शेंदराकडं बघत पुटपुटला, "देवा, कोंबडा देतो तुला. आजच्या दिवस तेवढी टेकव!"

गाडी अलगद पलीकडं गेली.



देव पहिल्या नारळाला जागला होता.