अठ्ठावीस मिनिटं

विमानाची चाकं धावपट्टीवरून सुटली तसा टॉवरमध्ये बसलेल्या तिनं पलीकडच्या विमानतळाचा थेट फोन उचलला. तिच्या नोकरीतलं हे शेवटचं विमान.

"तीन पन्नासला सुटलं. चार अठराला पोहोचेल."

"तीन पन्नासला सुटलं, चार अठराला पोहोचेल," पलीकडच्या टॉवरमधून धाकट्या भावानं तसंच्या तसं म्हणून दाखवलं. नियमच होता तो. ऐकलेलं परत म्हणायचं, म्हणजे चूक राहत नाही.

दोन विमानतळांमध्ये रस्त्यानं गेलं तर पाच तास, वरून अठ्ठावीस मिनिटं. आईला शेवटी कुणी ठेवून घ्यायचं यावरून दोघांत शब्दाला शब्द वाढला आणि घरचे फोन बंद पडले. कामाचा फोन कसा बंद करणार? या नोकरीला त्याला चिकटवलं तिनंच. मुलाखतीच्या दिवशी त्याच्या शर्टाला इस्त्रीसुद्धा तिनंच केली होती. आता ड्यूट्या जुळल्या की ती वेळ सांगायची, तो "ठीक आहे, मॅडम" म्हणून ठेवून द्यायचा. ताईची मॅडम झाली त्याला नऊ वर्षं होत आली.

आज त्यानं फोन ठेवला नाही. नुसती खरखर येत राहिली. मागे सगळे सहकारी पुष्पगुच्छ घेऊन ताटकळत उभे होते. त्यांच्यादेखत रडं फुटलं असतं तर शोभा झाली असती.

"आणखी काही?" तिनं घाईघाईनं विचारलं.

"नाही, मॅडम."

फोन ठेवला गेला. मग केक झाला, भाषणं झाली. तिचा आवाज किती स्पष्ट, किती शांत, हेच जो तो सांगत होता. ओळखपत्र जमा करून ती जिना उतरली, तर खालच्या खोलीतल्या तंत्रज्ञानं तिला दारातच अडवलं. टॉवरमधलं प्रत्येक बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवायचं, हे त्याचं काम.

"मॅडम, वीस वर्षं तुमचा आवाज सांभाळला मी. बायकोचं एवढं ऐकलं असतं तर संसार सुखाचा झाला असता!" तो हसला. "शेवटचं बोलणं ऐकून जा."

नको नको म्हणेपर्यंत त्यानं तिला खुर्चीत बसवून हेडफोन दिलासुद्धा.

सुटण्याची वेळ. पोहोचण्याची वेळ. मग ती खरखर. वर टॉवरमध्ये तिला वाटलं होतं, तो गप्पच आहे. तो गप्प नव्हता. खरखरीत एक लांब श्वास ऐकू आला, आणि मग अगदी हळू, चाचपडत, "ताई, मी..."

त्यावर धाडकन तिचाच आवाज आदळला. "आणखी काही?"

तिनं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा एकदा. दर वेळी तो 'मी'पर्यंतच पोहोचत होता.

"स्पष्ट आलंय ना?" तंत्रज्ञानं कौतुकानं विचारलं.

तिनं मान हलवली. हेडफोन मात्र कानावरून काढला नाही.

"यातून माझा आवाज तेवढा काढून टाकता येईल का?"