न चुकणारा माणूस

‘आपण यंत्र आहात. नाणे मिळणार नाही.’ पडद्यावर हे तिसऱ्यांदा उमटले, तेव्हा दिगंबर पेठकरांनी चष्मा काढून टेबलावर जवळजवळ आपटला. आपण माणूस असल्याचे सिद्ध केले, की ही साइट घरच्या वॉलेटमध्ये एक आभासी नाणे टाकत असे, आणि त्या नाण्यावर त्यांच्या कानातले यंत्र दिवसभर चालत असे. चित्रांतली होडी ओळखायची, पूल ओळखायचा, एवढेच काम. पण चाळीस वर्षे मुद्रिते तपासलेल्या पेठकरांचे उत्तर वर्षभरात एकदाही चुकले नव्हते, आणि साइटच्या मते माणसाच्या हातून असे होत नाही.

“मग चुका की एकदा,” त्यांच्या पत्नी मालिनीबाई म्हणाल्या. “माझ्या तर रोज शंभर चुका काढता.”

पेठकरांनी मनाविरुद्ध पुलाला होडी म्हटले.

‘चूक हेतुपुरस्सर आहे. आपण यंत्र आहात.’

कानातल्या यंत्राचे कालचे नाणे संपत आले होते. रस्त्याचा गजबजाट ओहोटीसारखा मागे हटू लागला.

“सरका,” म्हणत मालिनीबाईंनी आपल्या नावाने साइट उघडली. डोंगर ओळखायचे होते. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी त्यांनी एका डोंगरावर बोट ठेवले, मग गवताच्या गंजीवर.

पेठकरांचे ओठ सवयीने उघडले.

“डोंगरच आहे ना हो हा?” मालिनीबाईंचा आवाज फार दुरून आला.

“डोंगरच आहे,” पेठकर म्हणाले.

नाणे पडले. “बघा, मला दिसतं अजून,” हे मालिनीबाईंचे वाक्य पेठकरांना अगदी स्पष्ट ऐकू आले.